तेलफणीचा मान

"पोरी, वेणी सोड," मी म्हणाले.

माझ्यापुढे पाटावर पाठमोरी बसलेली शालन जागची हलली नाही. हलली ती तिची आई. सुभद्राबाई डुबल हातातले तबक सावरत अशा काही लगबगीने पुढे आल्या, की कोयरीतले अर्धे कुंकू सतरंजीवर सांडले.

"आक्कासाहेब, सोडायला कशाला पाहिजे? भांगात नुसतं बोट टेकवा की. शकुनापुरतं."

"शकुनापुरतं बोट उंबऱ्याला टेकवतात, सुभद्राबाई. डोक्याला तेल घालायचं तर ते मुळाशी जायला हवं."

जमलेल्या बायका हसल्या. सुभद्राबाईही हसल्या, पण ते हसू चेहऱ्यावर कोणी बाहेरून आणून चिकटवावे तसे दिसत होते.

ही गोष्ट तासगावची. माझा एकुलता मुलगा धैर्यशील याची सुपारी त्या दिवशी फुटायची होती. पुरुषमंडळी बाहेरच्या सोप्यात बसून उसाच्या भावावर बोलत होती आणि आत माजघरात आम्ही बायका आमचे काम करत होतो. आमच्या इंगवल्यांच्या घराण्यात एक रीत आहे. ओटी भरण्याआधी मुलाच्या घरातली सर्वांत वडील बाई मुलीच्या डोक्याला आपल्या हाताने तेल घालते, केस विंचरते, वेणी घालते आणि वर फुले माळते. हिला आम्ही तेलफणी म्हणतो. रीत निखळ मायेची आहे. ही मुलीचे केस तपासण्याची युक्ती आहे असे ज्यांना वाटते, त्यांना घराण्यांच्या रीती कळत नाहीत. बाजारात बैलाचे दात बघतात, तेही बैलावरच्या मायेपोटीच.

माझ्या सुपारीला माझ्या सासूबाईंनी माझी वेणी सोडली, तेव्हा केस पाटावरून खाली जमिनीवर पडले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पुढे तीस वर्षे संसार करताना त्यांनी माझी जी काही स्तुती केली, ती सगळी त्या एका गप्प बसण्यात आली.

तेल अर्थातच आमचेच होते. आमच्या तेलाविषयी मी फार बोलत नाही, कारण कऱ्हाडपासून फलटणपर्यंतचे सोयरे बोलतात तेवढे पुरेसे आहे. माका, ब्राह्मी, जास्वंदीची फुले, आवळा, वडाच्या कोवळ्या पारंब्या, नागरमोथा आणि गव्हला कचोरा. घाण्याचे खोबरेल आणि लोखंडी कढई. मंद आचेवर पाला कढू द्यायचा आणि शेवटी कापसाची वात त्यात बुडवून पेटवायची. वात तडतडली, तर पाणी अजून शिल्लक आहे. शांत जळली, तर तेल तयार. तडतडणाऱ्या गोष्टींची मला पहिल्यापासून चीड आहे. दर दिवाळीला आणि संक्रांतीला त्याच्या बाटल्या सोयऱ्यांकडे जात. विकत कधी कोणाला दिले नाही, आणि सोयऱ्यांबाहेर थेंब गेला नाही.

आणि तेलाचा गुण कोणाला प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर मी माझ्या नणंदेकडे बोट दाखवीत असे. चंद्राक्का वन्सं. वय झाले तरी मुठीत न मावणारा अंबाडा. लग्नामुंजीत बायका विचारायच्या, "आक्कासाहेब, तेलानं खरंच फरक पडतो?" मी म्हणायची, "वन्संच्या मानेकडं बघा. त्या अंबाड्याच्या ओझ्यानं त्यांना कधी खाली बघता येत नाही." हे शेवटचे वाक्य वन्संना स्तुती वाटत असे. त्यांच्या आनंदावर मी विरजण घातले नाही.

त्या दिवशी वन्सं माझ्या उजव्या हाताला, लोडाला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याच्या पुतणीचे स्थळ त्यांनी धैर्यशीलसाठी आणले होते. ते मी नाकारले होते. मुलगी चांगली होती, केस गुडघ्यापर्यंत होते. पण ती बोलायला लागली की थांबत नसे, आणि आमच्या घरात ते काम मी करते. तेव्हापासून वन्सं या लग्नात एखादी चूक निघावी म्हणून फार मनापासून झटत होत्या.

"सोड की गं वेणी," वन्सं शालनला म्हणाल्या. "आमच्या वहिनीसाहेबांच्या हातचं तेल भाग्यानं मिळतं."

शालनने वेणी सोडली नाही. ती एवढेच म्हणाली, "तुम्हीच सोडा, आक्कासाहेब."

मी सोडली. शेवटचा गोंडा काढला, पेड उकलत वर गेले, आणि मानेपाशी पोचता पोचता माझ्या बोटांना गाठ लागली. काळ्या दोऱ्याची, दातांनी आवळलेली. गंगावन. केसांचा जो भरघोस शेपटा लोक मघापासून कौतुकाने पाहत होते, त्यातला खालचा निम्मा बाजारातून आला होता.

गंगावनाचे मला नवल नव्हते. माझ्या हयातीत मी इतकी गंगावने पाहिली आहेत, की त्यांच्यावरून मी माणसांची ऐपत सांगू शकते. मी तळहातावर तेल घेतले आणि बोटे केसांत घातली. भांगापासून डाव्या कानाकडे सरकले, आणि कानाच्या वर बोटे एकदम घसरली. तिथे केस नव्हते. घासून पालथ्या घातलेल्या वाटीच्या बुडासारखी गोल, गुळगुळीत कातडी लागली. बोट बाहेर काढून पाहिले, तर काळेकुट्ट.

माझा हात थांबला.

"हात थांबवू नका, आक्कासाहेब," शालन अगदी हलक्या आवाजात म्हणाली. तिचे तोंड समोरच्या भिंतीकडे होते. "चंद्राक्का इकडंच बघताहेत."

अशा वेळी थरथरणाऱ्या मुली मला ठाऊक आहेत. ही कन्याशाळेत शिकवीत असे. वर्गाला पान उलटायला सांगावे, तशा स्वरात ती बोलत होती. भीती नव्हती असे नाही. तिची मान मात्र दोरीसारखी ताणलेली मला हाताखाली कळत होती.

मी केसांवरून हात फिरवीत राहिले आणि ओठ न हलवता म्हणाले, "चाई आहे."

"हो."

"कधीपासून?"

"गेल्या पावसाळ्यापासून. आधी चवलीच्या नाण्याएवढी होती."

"आणि हे काळं?"

"काजळ. आईनं भरलंय. मी नको म्हणत होते."

"मी आत्ता या पाटावरून उठले तर?"

"उठा," ती म्हणाली. "मी रडणार नाही. कुणी विचारलं तर खरं तेच सांगेन." मग एक श्वास घेऊन तिने जोडले, "कुठलं तेल लावत होते, तेही सांगेन."

"कुठलं लावत होतीस?"

"तुमचं."

समोर कोणीतरी चहाचे कप आणले आणि बशांचा आवाज सुरू झाला. मी त्याचे मनोमन आभार मानले.

"आमचं तेल सोयऱ्यांबाहेर जात नाही."

"चंद्राक्कांनी दिलं आईला. आमच्या शेजारी त्यांच्या जाऊबाई राहतात ना, तिथं येतात त्या. दिवाळीची बाटली दिली, संक्रांतीचीही दिली. त्या स्वतः लावत नाहीत. पाल्याचा वास डोक्यात बसतो म्हणाल्या. त्या दुकानातलं साधं खोबरेल लावतात."

ज्या डोक्याकडे बोट दाखवून मी तालुक्याला तेलाचा गुण सांगत आले, त्या डोक्याने तेलाचा वासही घेतला नव्हता. किंवा घेतला होता, तेवढाच घेतला होता. आणि ज्या डोक्यावर तेल दिवाळीपासून मुरत होते, ते माझ्या हाताखाली वाटीसारखे गुळगुळीत होते. मी उठले असते, तर सुपारी मोडली असती ती डुबलांची. पण संध्याकाळपर्यंत कऱ्हाडला बातमी पोचली असती ती इंगवल्यांच्या तेलाची.

"काय वहिनीसाहेब," वन्संनी कप खाली ठेवला. "एवढा वेळ? तेल घालताय का मोजताय?"

"दाट केसांना वेळ लागतो, वन्सं."

"असं? बघू तरी."

आणि त्या उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, अंबाडा सावरत, सावकाश. सुभद्राबाईंनी डोळे मिटून घेतले. मी डाव्या बाजूचे केस त्या चाईवर ओढून घेतले आणि वर तळहात ठेवला. पण काळी बोटे लपवायला दुसरा हात मोकळा नव्हता. वन्संची नजर थेट तिथे गेली. या वयातही त्यांना सुईत दोरा ओवायला चष्मा लागत नसे, याचे मला त्या क्षणी प्रथमच वाईट वाटले.

"तुमच्या बोटांना हे काळं काय?"

सगळ्या बायकांनी माझ्या बोटांकडे पाहिले. मीही पाहिले. दुसऱ्या कोणाची असावीत, तशी.

"काजळ," मी म्हणाले.

"काजळ? तेलफणीला?"

"तीट लावायची म्हणून घेतलं." आणि शालनची हनुवटी वर करून मी तिच्या कानामागे ठसठशीत काळा टिळा उमटवला. एका बोटाचा पुरला नाही, म्हणून दुसऱ्याचाही. "एवढे केस चारचौघींत मोकळे सोडायचे, तर दृष्ट नको लागायला. सगळ्यांच्याच नजरा काही साफ नसतात."

"आमच्यात ही रीत नव्हती कधी."

"आजपासून आहे."

वन्सं माझ्याकडे पाहत राहिल्या. मी त्यांच्याकडे पाहिले, मग त्यांच्या अंबाड्याकडे पाहिले, आणि शक्य तितक्या गोड आवाजात विचारले, "संक्रांतीची बाटली संपली असेल ना तुमची? रोज मुरवता म्हणजे लागतच असणार. की कमी पडते? कुणाला द्यावी लागते का त्यातली?"

वन्संचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "नाही नाही," त्या म्हणाल्या. "पुरते की. भरपूर पुरते." आणि परत लोडाला जाऊन टेकल्या. उरलेला समारंभ त्यांनी चहा पिण्यात घालवला.

ती तीट आमच्या घराण्यात आजही लावतात. सुपारीला तेलफणी झाली, की वडील बाई मुलीच्या कानामागे काजळाचे बोट टेकवते. माझ्या नातसुनेच्या वेळी कोणी फोटो काढायला माणूस आणला होता. ही रीत थोरल्या महाराजांच्या काळापासून चालत आली आहे, असे माझी नात त्याला समजावून सांगत होती. मी दुरुस्त केले नाही. बऱ्याच जुन्या रीती अशाच कोणाच्या तरी घाईतून निघाल्या असाव्यात, असा मला पहिल्यापासून संशय आहे.

असो. मी वेणी घातली. गंगावन माझ्याच हाताने पुन्हा गुंफले, सुभद्राबाईंच्या गाठीपेक्षा नीट. कारण काम करायचेच तर ते गबाळे करणे मला जमत नाही. डावीकडचे केस आडवे घेतले, वर अबोलीची जाड वेणी माळली. मग मी उठले.

"हात धुवायचे आहेत. शालन, चल. पाणी घाल."

परसात मोरी होती. शालनने तांब्याने पाणी घातले, मी राख घेऊन बोटे घासू लागले. काजळ आणि तेल एकत्र आले की ते सहजासहजी निघत नाही.

"धूर्त आहेस," मी म्हणाले.

"घाबरले होते," ती म्हणाली. "आई म्हणाली होती, त्या भांगात बोट टेकवतील आणि सोडून देतील."

"तुझ्या आईला आमचं घराणं ठाऊक नाही."

"मला ठाऊक होतं. म्हणून मी रात्रभर झोपले नाही."

मी तिच्याकडे नीट पाहिले. सावळी, सरळ नाकाची, डोळ्यांखाली काळी झालेली मुलगी.

"काय काय केलंस त्यावर?"

"विचारू नका. लसूण घासला. कांदा घासला. गुंजेचा लेप लावला, त्याची आग तीन दिवस जात नव्हती. मावशीनं मेथी वाटून थापली. मग तुमचं तेल. घरात मी नुसती या खोलीतून त्या खोलीत गेले, तरी आमटीला फोडणी दिल्यासारखं वाटायचं सगळ्यांना."

मला हसू आले. मी ते राखेत मिसळले.

"एक विचारू?" शालन म्हणाली.

"विचार."

"लग्नानंतर तुमच्याकडं सुनांना डोक्यावरून पदर घ्यावा लागतो ना?"

"कपाळापर्यंत. जेवताना, झोपताना, विहिरीवर जाताना."

"मग केस बघतं कोण?"

पिढ्यान्‌पिढ्या तपासून, मोजून, पारखून आम्ही जे केस घरात आणले, ते आयुष्यभर नऊवारी पदराखाली झाकून ठेवले, हे इतक्या वर्षांत इंगवल्यांच्या घरातल्या कोणा बाईच्या लक्षात आले नव्हते. आले असेल, तर तिने ते मोरीवर येऊन सांगितले नव्हते. धुतलेले हात मी पुन्हा धुतले.

"नवरा बघतो," मी शेवटी म्हणाले. "त्याला काय सांगणार होतीस? का त्यालाही काजळ दाखवणार होतीस?"

"त्यांना ठाऊक आहे."

राख माझ्या हातातच राहिली.

"बघायला आले होते, तेव्हाच सांगितलं. आम्हाला बागेत बोलायला सोडलं होतं, भाऊ लांब उभा होता. मी पहिलं वाक्य तेच बोलले. म्हटलं, हे बघून घ्या, मग पुढचं बोलू. आणि केस बाजूला करून दाखवलं."

"आणि तो?"

शालन पहिल्यांदाच अडखळली. तांब्यातले पाणी तिने उगीच हलवले.

"सांग."

"म्हणाले, यानं माझं काही बिघडत नाही. फक्त आईसाहेबांना कळू देऊ नका. त्या हे लग्न होऊ द्यायच्या नाहीत."

"असं म्हणाला."

"मी म्हटलं, मी स्वतः सांगते त्यांना. समजून घेतील. तर म्हणाले, तुम्ही त्यांना ओळखत नाही."

परसातल्या शेवग्यावर एक कावळा बसला होता. तो उडून जाईपर्यंत मी त्याच्याकडे पाहत होते. ज्याला मी नऊ महिने वाहिला, ज्याच्या जावळापासून ज्याच्या मिशीपर्यंत माझा हात फिरला, तो तासगावच्या एका परक्या मुलीला बागेत उभा राहून सांगत होता की माझ्या आईपासून सावध राहा. नाव आम्ही त्याचे हौसेने धैर्यशील ठेवले होते.

"पाणी," मी म्हणाले.

तिने पाणी घातले. मग तांब्या खाली ठेवून ती माझ्यासमोर सरळ उभी राहिली.

"आक्कासाहेब, सुपारी अजून फुटायची आहे. तुम्हाला आता सगळं माहीत झालंय. तुम्ही नाही म्हणालात, तर मी आईला समजावीन. आणि तेलाचं मी कुणालाही सांगणार नाही. पाटावर तसं बोलले, कारण घाबरले होते. ते बरोबर नव्हतं. तेवढं सोडून द्या."

माझ्या गळ्याशी धरलेली सुरी तिने स्वतःच्या हाताने काढून बाजूला ठेवली होती. आता मला कोणी अडवणारे नव्हते. आत जाऊन मी म्हणू शकत होते की पत्रिकेत काही राहून गेले आहे, विचार करून कळवतो. विचार करून कळवतो म्हणणाऱ्या माणसांनी पुढे कधीही काही कळवल्याचे आमच्या भागात कोणाला आठवत नाही.

मी पदराला हात पुसले.

"मघाशी गंगावनाला लावायला मिळाले ते आकडे कुठले?"

"आईचे होते."

"गंजके आहेत. मानेला टोचतील. आणि अबोली डावीकडं घसरतेय, ती बसल्याजागी चाचपत राहू नकोस. चाचपणाऱ्या बाईकडं सगळ्या बघतात."

तिचे डोळे भरून आले होते. न रडण्याचा शब्द दिला असल्यामुळे ती वर शेवग्याकडे पाहू लागली. मी तिला तिथे सोडून आत गेले.

ओटी भरली गेली. सोप्यातून निरोप आला, सुपारी फोडायची का, आक्कासाहेबांना विचारा. सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. सुभद्राबाईंनी हातातला नारळ पोटाशी घट्ट धरला. दाराशी आलेला धैर्यशील माझ्याकडे बघत नव्हता. इतक्या निकराने बघत नव्हता, की त्याच्या मनात काय चालले आहे ते कोणालाही वाचता आले असते.

"विचारायचं काय त्यात?" मी म्हणाले. "मुहूर्त टळून चाललाय. फोडा."

पुढे काय झाले, ते सोयऱ्यांना ठाऊक आहे. लग्नानंतर दुसऱ्या उन्हाळ्यात त्या चाईवर आधी पांढरी लव आली, मग काळे केस आले आणि बघता बघता जागा भरून गेली. डॉक्टर म्हणाले, चाई कधी कधी आपोआप जाते. त्यांनी शिकायला इतके पैसे घातले ते "आपोआप" म्हणायला, हे ऐकून मला बरे वाटले नाही. आम्ही अर्थातच तेलाचा गुण म्हणालो. शालनने सुपारीच्या दिवसापासून तेल लावणे बंद केले होते. ते तिने कोणाला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. तेल आता तीच कढवते. वात पेटवून बघते, बाटल्या भरते, सोयऱ्यांना पाठवते. वन्सं गेल्या, पण जाईपर्यंत त्यांची बाटली दोन्ही सणांना त्यांच्याकडे न चुकता जात होती. मी स्वतः पोचवीत असे, आणि त्यांनी माझ्यासमोर एक पळीभर तरी डोक्यावर घालून घेतल्याशिवाय उठत नसे.

पण मला सांगायचे आहे ते परतीच्या वाटेवरचे.

बाकीची मंडळी मोटारीने पुढे गेली. मी धैर्यशीलच्या जीपमध्ये बसले. पलूस मागे पडले. गाणे गुणगुणावे असे त्याला वाटत होते आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून ते दर वेळी घशातच राहत होते. शेवटी न राहवून त्याने विचारले, "मुलगी कशी वाटली, आईसाहेब?"

मी त्याला थोडे शिजू दिले. कृष्णेचा पूल आला. जीप पुलावर चढली, तेव्हा मी म्हणाले, "डाव्या कानाच्या वर चाई आहे. त्यावर काजळ भरलं होतं. खालचा शेपटा गंगावनाचा आहे."

जीप पुलाच्या मधोमध उभी राहिली.

"काय?"

"नवरदेवापासून असली गोष्ट लपवणं मला शोभत नाही. उद्या म्हणशील, आईनं डोळे मिटून गळ्यात बांधली. तुला ठाऊक नव्हतं ना?"

तो स्टिअरिंगकडे पाहत राहिला. खोटे बोलणे त्याला त्या वेळी अगदी सोपे होते. मी त्याच्यासाठी दार उघडून, पायरी पुसून ठेवली होती.

"ठाऊक होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"बघायला गेलो तेव्हापासून."

"आणि घरात आल्यावर मला सांगावंसं वाटलं नाही."

मागे एक ट्रक येऊन थांबला होता. त्याने भोंगा वाजवला. मला उत्तर ठाऊक होते. धैर्यशील ते माझ्या तोंडावर देतो की नाही, एवढेच बघायचे होते.

"तुम्ही नाही म्हणाल, असं वाटलं," तो म्हणाला.

"म्हणाले असते."

तो वळून माझ्याकडे पाहू लागला. "मग आज कसं काय?"

"आज तिचं डोकं माझ्या हाताखाली होतं," मी म्हणाले. "कुणाच्या डोक्यावर ठेवलेला हात मी उचलून घेत नाही. तू घरी बसून विचारलं असतंस, तर हात मोकळे होते माझे."

तो एकदम वाकून, क्लच आणि ब्रेक यांच्या मधून, माझ्या पायांपर्यंत हात पोचवण्याची धडपड करू लागला.

"ते घरी गेल्यावर," मी म्हणाले. "आधी गाडी काढ. मागचा ट्रकवाला तुझ्या आईचं नाव घेऊन काय काय म्हणतोय, ते मला स्पष्ट ऐकू येतंय."